पाडव्यापर्यंतचा करारनामा

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार

घाटंजीच्या वकिलीत आज एक नवं पान उघडलं, आणि ते माझ्या टेबलावर उघडलं. बाकी कोणाला याची जाणीव नसल्यामुळे मीच नोंद करून ठेवतो.

पांढरकवडा रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक पुंडलिकराव दुपारी आले. गेल्या वर्षी कापूस बारा हजारांच्या वर गेला, तेव्हापासून कास्तकाराची मान ताठ झाली आहे. यंदा भाव नऊ हजारांवर अडकला, तर कोणी विकायलाच तयार नाही. कापूस खोलीत आणि माणसं ओसरीत, अशी गावोगाव व्यवस्था आहे. घरात साठलेल्या कापसानं अख्खा तालुका अंग खाजवतो आहे आणि पुंडलिकरावांची यंत्रं बंद आहेत.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “गावातले पोट्टे दिवसभर मोबाईलवर ते अग्निद्वीप खेळून राह्यले. त्याच्यात म्हणे लाखालाखाचे बक्षिसं हायेत. माह्याजवळ हॉल हाय, लाईटचा मोठा लोड हाय. मंग हे पोट्टे माह्या छपराखाली काहून नाही खेळत?”

अग्निद्वीप म्हणजे शंभर माणसं एका बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. मला तो वाटणीच्या दाव्यासारखा वाटला, फक्त लवकर संपतो. याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. संघ असतात, संघाला मालक असतो, आणि मालक आला की करार आला. करार आला की मी आलोच.

चार खेळाडू त्यांनी हेरून ठेवले आहेत. देवसिंग हा कप्तान. फुलचंद आणि रजत हे दोघं मधल्या फळीतले. आणि सुरभी, वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती चौघांत सर्वांत तरबेज आहे म्हणे. दिसायला अगदी गरीब पोर.

माझी मुलगी आभा सगळं टिपून घेत होती. तिच्याकडे वकिलीची सनद आहे. गेली तीन वर्षं ती माझ्या हाताखाली शिकते, म्हणजे टाईप करते. पाटीवर तिचं नाव कधी टाकता, असं माझी बायको सुनीती अधूनमधून विचारते. अहो, उद्या लग्न झालं की आडनाव बदलणार आणि पाटी पुन्हा रंगवावी लागणार. हा व्यवहार बायकांच्या लक्षात येत नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

करारनामा तयार. एवढ्या नव्या विषयाला नमुना कुठून आणायचा, अशी आभाला चिंता पडली होती. ती इंटरनेटवर कुठले कुठले परदेशी करार वाचत बसली. मी कपाटातून माझा सालगड्याचा करार काढला. हा मसुदा मी तीस वर्षांपूर्वी घडवला आणि तो तालुक्यात प्रसिद्ध आहे. गडी मालकाकडे राबतो, जित्राब मालकाचं, पीक मालकाचं, गड्याला ठरलेला मेहनताना, दोन कपडे आणि एक वहाणजोड. खेळाडूचं यापेक्षा वेगळं काय आहे?

जिथे ‘शेत’ होतं तिथे ‘बेट’ लिहायला सांगितलं, जिथे ‘बैल’ होता तिथे ‘मोबाईल’. कलम नऊ माझं आवडतं आहे. खेळाडूचं खेळातलं नाव आणि खातं मालकाचं राहील. बैल सोडून गेला तर गळ्यातली घंटा घेऊन जात नाही.

टाईप करताना आभा म्हणाली, “बाबा, कलम सहामध्ये ‘मोबाईलला वेळेवर चारापाणी करणे’ असं राहिलंय.”

“मग चार्जिंग लिही. तत्त्व तेच आहे.”

“आणि मुदत ‘गुढीपाडव्यापर्यंत’ अशीच ठेवू? तारीख नको? या स्पर्धा वर्षभर चालतात.”

मी तिला समजावलं की गड्याचं साल पाडव्याला सरतं. पाडव्याला बोलणी होतात, नवीन साल ठरतं. हे शिवाजी महाराजांच्या आधीपासून चालत आलंय, पुण्याच्या कुठल्या कंपनीनं सांगितलं म्हणून बदलणार नाही. ती पुढचं कलम टाईप करू लागली. शिकते आहे हळूहळू.

१२ नोव्हेंबर, शनिवार

जिनिंगच्या ऑफिसात सह्या झाल्या. संघाचं नाव ‘पुंडलिक जिनिंग अँड प्रेसिंग योद्धे’. खेळात नावाला अक्षरं कमी मिळतात, त्यामुळे पडद्यावर ते ‘पुंडलिक जिनिंग अँड प्रे’ एवढंच दिसतं. पुंडलिकरावांनी मला विचारलं, उरलेल्या अक्षरांसाठी दावा लावता येईल का. मी विचार करतो म्हणालो.

सुरभीनं सही करायच्या आधी कलम नऊवर बोट ठेवलं. “साहेब, ‘सुरी’ हे नाव मी दहावीपासून वापरून राह्यले. ते माहंच राहील न?”

“तुझ्याकडेच राहील बेटा, फक्त मालकीचं पुंडलिकरावांच्या.”

तिनं आभाकडे पाहिलं. आभानं खाली पाहिलं. पोरीनं सही केली. रजत सतरा वर्षांचा आहे, आभाच्या मते त्याचा करार कायद्यात उभाच राहत नाही. मी त्याच्या आईची सही घेतली, विषय मिटला.

२ डिसेंबर, शुक्रवार

जिनिंगच्या प्रेस हॉलमध्ये खुर्च्या, वायरी आणि चार मोठे पंखे बसले. हवेत अजून रुई उडते. खेळाडूंच्या भुवया पांढऱ्या होतात, त्यामुळे सगळे अनुभवी वाटतात. रोज आठ तास सराव. पुंडलिकराव मागे उभे राहून हजेरी मांडतात. “फुलचंद, मघापासून झाडामांगं बसून राह्यला, काम काहून नाही करत?” असं त्यांनी आज विचारलं. लपणं हाही खेळाचा भाग आहे, हे देवसिंगनं अदबीनं सांगितलं. पुंडलिकरावांना ते पटलं नाही, कारण झाडामागे बसण्याचे पैसे त्यांनी कधी कोणाला दिलेले नाहीत.

१९ डिसेंबर, सोमवार

जिनिंगमध्ये ऑनलाईन जुगार चालतो, असा कोणीतरी पोलिसांत निनावी अर्ज केला. बीटचे जमादार चौकशीला आले. मी काळा कोट घालूनच गेलो. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांतला कायदेशीर फरक मी त्यांना पाऊण तास समजावला. निवाड्यांची यादी तोंडपाठ सांगितली. ती सकाळी माझ्या टेबलावर व्यवस्थित लिहून ठेवलेली होती. माझी टिपणं ठेवायची सवय अशी कामाला येते.

जमादारांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. तेव्हा सुरभीनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. ते बेटावर उतरले आणि पहिल्याच मिनिटाला मेले. पुन्हा उतरले, पुन्हा मेले. पाचव्यांदा मेल्यावर म्हणाले, “नाही, याच्यात नशिबाचा काही संबंध नाही,” आणि चहा घेऊन गेले. संध्याकाळी सुनीतीला सांगितलं की माझ्या युक्तिवादापुढे पोलीस खातं नमलं.

२९ डिसेंबर, गुरुवार

पेपरात आलं की सरकारनं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. मी लेटरहेडवर ‘ई-स्पोर्ट्स कायदेतज्ज्ञ’ छापायला दिलं. यवतमाळच्या वकील संघातल्या दोघांनी फोन करून अभिनंदन केलं. दोघंही हसत होते, आनंद झाला असावा.

अग्निद्वीपच्या मोठ्या स्पर्धेचं वेळापत्रकही लागलं. आभानं चाळीस पानी इंग्रजी नियमावली छापून आणली आणि दोन ओळींखाली रेघ मारून माझ्यापुढे ठेवली. एक, फायनल हैदराबादला, २५ मार्च. दोन, फायनलमधली जागा मालकाची नसते. चार खेळाडूंपैकी तीन जिकडे जातील तिकडे जागा जाते.

“बाबा, पाडवा बावीस मार्चला आहे. करार फायनलच्या तीन दिवस आधी संपतो. आत्ताच एक पुरवणी करार करून घ्या.”

“अगं, राज्यात हजार संघ आहेत. घाटंजीचे हे चार पोट्टे फायनलला जाणार आहेत का?”

“गेले तर?”

मी तिला म्हटलं, करारापेक्षा चष्म्याचा नंबर तपास. बारीक अक्षरात फार शिरतेस.

१७ जानेवारी २०२३, मंगळवार

आभा म्हणाली की ती यापुढे पुंडलिकरावांच्या फायलीवर काम करणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “मला त्यातलं कलम नऊ पटत नाही, आणि तुम्हाला माझं म्हणणं पटत नाही.” बंदुका-गोळ्यांचा विषय आहे, मुलींना नाही मानवत. मी लगेच मोकळीक दिली. बाकीच्या फायली ती टाईप करतेच आहे. जाताना तिनं हेच कागदावर लिहून माझी पोच घेतली. किती औपचारिक वागते, माझ्यावरच गेली आहे.

सध्या घरात हळदीकुंकवाची धांदल आहे. सुरभी तीनदा येऊन गेली. आज देवसिंग आणि फुलचंदही होते. हळदीकुंकवाला पुरुषांचं काय काम, ते कळलं नाही, पण तिळगुळाच्या वड्या सुनीती चांगल्या करते. आतल्या खोलीत दार लोटून दोन तास बसले होते सगळे. आभाला मैत्रिणी कमी आहेत, तिला बरं वाटलं असेल.

२७ जानेवारी, शुक्रवार

काल प्रजासत्ताक दिनी जिनिंगमध्ये ‘पुंडलिक चषक’ झाला. तिकीट लावून, बॅनर लावून. बॅनरवर खेळातला तो बंदूकवाला आणि त्याच्या शेजारी त्याच आकाराचे पुंडलिकराव.

गेल्या आठवड्यातच बॅनरचा फोटो फिरला होता आणि खेळाच्या कंपनीचं पत्र आलं होतं. आमचा खेळ, आमचं चित्र, परवानगीशिवाय तिकीट लावून स्पर्धा कशी घेता? मी रजिस्टर पोस्टानं, शुद्ध मराठीत, चार पानी उत्तर धाडलं. सदर बेटावर आमच्या पक्षकारांची राजरोस वहिवाट आहे, गावातले शेकडो लोक तिथे रोज येतात-जातात, सबब कंपनीला आता रस्ता अडवता येणार नाही.

परिणाम पाहा. तीन दिवसांत कंपनीची परवानगी आली, ‘तुमचा अर्ज मंजूर’ म्हणून. अर्ज म्हटलंय माझ्या उत्तराला. मोठ्या कंपन्या हार मानतानाही अकड सोडत नाहीत. पत्राच्या तळाशी ‘खेळाडूंतर्फे अर्जदार’ म्हणून माझ्या श्रीकृष्ण या नावाआधी कुठलासा ‘ए.’ चिकटवून ‘ए. श्रीकृष्ण’ असं उलटसुलट नाव छापलं आहे, परदेशी लोकांना आपली नावं जमत नाहीत. पोस्टाची पोच मात्र अजून यायची आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार

आपले चार पोट्टे फायनलला गेले.

मी हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. राज्यातून हजार संघ, त्यातून सोळा, आणि त्यात ‘पुंडलिक जिनिंग अँड प्रे’. सुरभीनं शेवटच्या फेरीत एकटीनं अकरा जण टिपले. बातमी यवतमाळच्या पेपरात आली, तिच्यात सुरभीचं नाव नाही. ‘पुंडलिकरावांचा संघ’ एवढंच आहे. कलम नऊप्रमाणे ते बरोबरच आहे.

पुंडलिकराव पेढे घेऊन आले. माझ्या मनात ती पाडव्याची तारीख थोडी टोचली, ते इथे लिहायला हरकत नाही. मी विषय काढला.

“वकीलसाहेब, पाडव्याच्या आंधी गड्याले ‘राह्यतं का’ म्हणून इचारलं, तर तो डोक्यावर बसते,” ते म्हणाले. “आजवर म्या कोनाले इचारलं नाही. तेच येतीन पाडव्याले हात जोडून.”

हे खरंच आहे. गरज दाखवली की गडी भाव वाढवतो. तीस वर्षांत मीच हा सल्ला शंभर मालकांना दिला असेल. आज मला तो परत मिळाला आणि त्याची फीसुद्धा द्यावी लागली नाही. मी दुसरा पेढा उचलला.

कापूस आठ हजारांवर उतरला. लोक अजून थांबलेत. ऑफिसच्या मागच्या खोलीत माझ्याही चार एकरांचा आहे, मीही थांबलो आहे.

१२ मार्च, रविवार

पुण्याच्या एका संघानं देवसिंगला फोन केला म्हणे. पुंडलिकराव घाबरले, पण विचारायला जाणार नाहीत. त्याऐवजी त्यांनी चौघांना दोन-दोन जर्सी आणि बूट दिले, पाडव्याला द्यायचे ते दहा दिवस आधी. देवसिंगनं नमस्कार करून घेतले आणि म्हणाला, “पाडव्याले येतो मालक, बोलाले.” त्याच्या आवाजात मला नम्रता वाटली. सुनीतीला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्हाला काय काय वाटतं हो.”

रजतच्या आईला आमच्या घरून निघताना पाहिलं. आता तिचं काय काम होतं, कोण जाणे. तिळगुळाच्या वड्यांचा डबा परत करायला आली असेल.

२१ मार्च, मंगळवार

उद्यासाठी नवीन करार मीच टाईप करायला बसलो, आभा त्या फायलीला हात लावत नाही ना. संगणक तिनं चालू करून दिला. मुदत या वेळी पाच वर्षांची टाकली, शेरास सव्वाशेर. दोन बोटांनी दीड पान झालं. बाकी हातानं लिहिलं.

२३ मार्च, गुरुवार

काल लिहिणं झालं नाही. आता सगळं सरळ लिहितो.

पाडव्याला सकाळी दहा वाजता जिनिंगच्या ऑफिसात बसलो. पुंडलिकराव गादीवर, मी शेजारी, समोर सुपारीचं तबक. चौघं आले, रजतची आई आली. आणि त्यांच्यामागून आभा आली, काळा कोट घालून. मला वाटलं, घरी काही झालं म्हणून बोलवायला आली. मी उठलोसुद्धा. ती सुरभीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

पुंडलिकरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, “बोला बाप्पा, औंदा काय म्हणतं?”

देवसिंग म्हणाला, “आमचं जे म्हननं हाय ते आमच्या वकीलबाई सांगतीन.”

आभानं दोन प्रती पुढे ठेवल्या. चार पानं. खेळाडूंची नावं आणि खाती खेळाडूंची. फायनलची जागा खेळाडूंची. हॉल, लाईट आणि इंटरनेट पुंडलिकरावांचं, त्याबद्दल बक्षिसात दहावा हिस्सा आणि जर्सीच्या बाहीवर जिनिंगचं नाव, पूर्ण अक्षरांत. रजत सज्ञान झाला की त्याच्याशी नव्यानं बोलणी. खेळच उद्या सरकारनं बंद केला तर काय, याचंही कलम होतं. ते मला सुचलं नव्हतं.

मी मसुद्यात चूक शोधत होतो. तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून शोधली. सापडली नाही.

मग मी चढ्या आवाजात म्हणालो की हे वकिली नीतीला सोडून आहे, माझ्या ऑफिसातल्या वकिलाला माझ्याच पक्षकाराच्या विरुद्ध उभं राहता येत नाही.

“मी तुमच्या ऑफिसात कोण आहे, बाबा?” आभा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “एका वकीलपत्रावर माझी सही दाखवा. कुठल्या पावतीवर, कुठल्या अर्जावर नाव दाखवा. पाटीवर तर नाहीच. तरी मी तुम्हाला पाडव्याचं दोनदा सांगितलं. ही फाईल सोडली तेव्हा लिहून तुमची पोच घेतली. आणि त्यानंतरच यांचं काम घेतलं.”

पोच मी दिली होती. न वाचता दिली नव्हती, वाचून दिली होती.

पुंडलिकरावांनी जुना करार मागितला, मुदतीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “हे तुमीच लिवलं होतं न, वकीलसाहेब?”

“हो.”

“मंग बरोबर हाय. पाडव्याले गडी मोकळा.” मग आभाला म्हणाले, “बाई, पुण्यावाल्याचं काय?”

“त्यांनी जास्त देऊ केलंय,” सुरभीच बोलली. “पन आमाले इथंच खेळाचं हाय. फक्त नाव आमचं पाह्यजे.”

पुंडलिकरावांनी सही केली. व्यापारी माणूस आहे, दहावा हिस्सा शून्यापेक्षा मोठा हे त्याला शिकवावं लागत नाही. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. माझा पाच वर्षांचा मसुदा मी पिशवीतच ठेवला. आम्ही निघताना पुंडलिकरावांनी आभाला हळूच विचारलं, जिनिंगच्या विम्याचा एक दावा अडकला आहे, तो पाहाल का. मला ऐकू आलं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाहेर मोटरसायकलला किल्ली लागेना, तेव्हा ती ऑफिसच्या कुलपाची आहे हे कळलं. आणि त्या चार पानांचा अभिमानही वाटत होता, तो कोणाला सांगायचा ते कळत नव्हतं.

दुपारी पुरणपोळीचं जेवण होतं. मी पुष्कळ विचार करून, घसा खाकरून आभाला म्हणालो, “मग, औंदा काय म्हणतं? पाटीवर नाव टाकू. माझ्या खाली, पण त्याच अक्षरात.”

“बाबा, तीन पाडवे मी वाट पाहिली. तुम्ही विचारलंच नाही. माझं ठरलंय आता. कोर्टासमोर एक खोली घेतलीय, सोमवारपासून बसते. उद्या पहाटे हैदराबादला निघते, खेळाडूंसोबत.”

“मला आधी सांगायचंस.”

“विचारायचंत.”

सुनीतीनं माझ्या पोळीवर तूप वाढलं. हे तिला आधीपासून ठाऊक होतं, एवढं मलासुद्धा कळलं.

आज सकाळी ऑफिस उघडलं. एका वाटणीच्या दाव्यात मुदतीचा अर्ज द्यायचा होता. आभाच्या खुर्चीवर बसलो, संगणक लावला. तो पासवर्ड मागू लागला. तीन वर्षांत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. माझं नाव टाकून पाहिलं, गावाचं टाकलं, सुनीतीचं टाकलं. अर्ध्या तासानं शेवटी आभाला फोन केला. ती गाडीत होती, मागे पोरांचा गलका होता. तिनं लगेच सांगितला, एकेक अक्षर, सावकाश, मला जमेल अशा बेतानं.

अ‍ॅडव्होकेट आभा. या ऑफिसात तेवढ्या एका जागी तिचं नाव होतं. मी एकेक अक्षर शोधून दाबलं, तेव्हा संगणक उघडला.